पाचव्या गाण्यातलं व्हायोलिन

दादाचे कान गेलेत आणि तो ते माझ्यापासून लपवतोय, असा मला संशय होता. पुरावा काही नव्हता. आणि हातात पुरावा आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, ही शाळेतली सवय. परीक्षेला सुपरव्हिजन करताना मुलाच्या मांडीखाली कागद आहे हे मला दारातूनच कळतं, पण तो कागद माझ्या बोटांत आल्याशिवाय मी त्याला उभं करत नाही. उभं केलं आणि कागद निघाला नाही, तर वर्गापुढे शोभा आपलीच होते.

स्वभाव संशयी आहे, ते मी नाकारत नाही. माझा नवरा म्हणतो, दूधवाला माप भरतो तेव्हा लोक दुधाकडे बघतात, ही त्याच्या अंगठ्याकडे बघते. बघते तर बघते. अंगठाच मापात बुडतो ना? कुणी फार गोड बोलायला लागलं की मला वाटतं, याचं काहीतरी काम आहे. आणि कुणी एकदम बोलायचं थांबलं की वाटतं, यानं काहीतरी करून ठेवलंय. दादाच्या बाबतीत मात्र असं काही मनात आणायची वेळ आयुष्यात आली नव्हती. म्हणून राग जास्त येत होता.

दादा माझा थोरला भाऊ, एकुलता एक. तो देवळाली प्रवराला असतो. साखर कारखान्यात मिल हाऊसला नोकरी केली, तिथूनच रिटायर झाला आणि तिथंच घर बांधून राहिला. मी सावेडीत, फ्लॅटमध्ये. लहानपणी आम्ही नगरातच मिशन शाळेमागच्या क्वार्टरमध्ये वाढलो, कारण पपा मास्तर होते. घरात एक टेपरेकॉर्डर होता, तो पपांनी भक्तिगीतं ऐकायला घेतलेला. त्याच टेपवर दादानं एका सुट्टीत पुण्याहून आणलेली कॅसेट लावली आणि आम्ही दोघं त्या बँडचे झालो ते झालोच. पपा दारात येऊन म्हणाले, "हे गाणं आहे का गिरणीचा पट्टा तुटलाय?" पण त्यांनी टेप बंद केला नाही.

रॉक बँड, परदेशातला, चार जणांचा. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक आपापली मतं सांगायला लागतात, आणि मला त्या बँडबद्दल दादाखेरीज कुणाचं मत ऐकायचं नाही. त्यांची एक पद्धत ठरलेली. अल्बम कुठलाही असो, पहिलं गाणं नुसत्या ड्रमनं सुरू होणार. तिसरं संथ, त्यात गायक शब्द ओढत ओढत म्हणणार. पाचव्यात तो गप्प, फक्त दोन गिटारी एकमेकींशी भांडणार. आणि शेवटच्या गाण्यात एकेक वाद्य थांबत जाऊन त्याचा आवाज एकटा उरणार. पहिल्या कॅसेटपासून हेच. दुसरे बँड बदलले, कुणी संगणक आणले, कुणी केस कापले, यांनी काही सोडलं नाही.

आमचीही पद्धत ठरलेली होती. नवीन कॅसेट आली की पहिल्या ऐकण्यात कुणी चकार शब्द काढायचा नाही. दोन्ही बाजू संपल्या की दादा शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा मान वर करून निकाल द्यायचा, "पास." मग आम्ही बोलायला लागायचो ते जेवणं होऊन भांडी घासून होईपर्यंत. माझं लग्न झालं, त्याचं झालं, पपा गेले, आई गेली. जमिनीचं, घराचं, आजारपणाचं बोलायला आम्हा भावाबहिणीत कधी फारसं नव्हतं. आम्ही बोलायचो ते या चार माणसांबद्दल. त्यांच्यापैकी कुणाचा गुडघा दुखतोय हे दादाला माझ्या गुडघ्याच्या आधी कळायचं.

आता त्याचे कान. मिल हाऊस म्हणजे जिथं उसाचा रस काढतात ती जागा. मोठमोठे रोलर आणि टर्बाइन, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात आणि हातांच्या खुणा करतात. दादानं तीच सवय घरी आणली होती. लग्नाच्या पंगतीत तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या वाढप्याला खुणेनं भात मागवायचा, आणि लांब बसलेल्या दोन बायका कुणाची उणीदुणी काढतायत ते मला आवाज न ऐकता सांगायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. त्यामुळे तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. फॅक्टरीची सवय, म्हणायचे सगळे.

मला वावगं वाटलं ते फोनमुळे. दादा फोन उचलेनासा झाला. मी फोन केला की वाजून वाजून बंद व्हायचा, आणि लगेच मेसेज यायचा, "रेंज नाही. काय म्हणतेस?" रेंज नाही तर मेसेज कसा आला? आणि फोन हातात होता म्हणूनच लगेच आला ना? मग नाताळला तो गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्यांत गेला नाही. गिटार घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारा माणूस, म्हणाला, पोरांना करू द्या आता. मग आमच्याकडे जेवायला आला तेव्हा अखंड बोलत होता. माझा दादा घुम्या. त्याच्याकडून एक वाक्य काढायचं तर दोन प्रश्न विचारायला लागतात. तो त्या दिवशी पाऊसपाणी, रस्ते, बिबट्या, काय वाट्टेल ते बोलत सुटला. जो दुसऱ्याला बोलू देत नाही त्याला दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही, हे मला तेव्हा टोचलं. मध्येच कुकरची शिट्टी झाली. शिट्टी झाली की माणूस वाक्य अर्धवट ठेवून थांबतो, आम्ही सगळे थांबलो. दादा बोलतच राहिला.

मी त्याला समोर बसवून विचारलं, "दादा, कान दाखवतोस का? इथं सावेडीतच चांगले डॉक्टर आहेत. मी येते बरोबर."

"माझ्या कानाला काय धाड भरलीय?" असं म्हणून तो उठलाच.

वहिनीला विचारलं. ती अशी निर्मळ बाई की तिच्यावर संशय घ्यायचा तर माझीच मला लाज वाटते. ती म्हणाली, "न्हाई बाई वन्सं, चांगलं ऐकतात की. तुमी उगं डोस्क्यात घेता." तिनं हे सांगताना भाजीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. ते मी टिपून ठेवलं.

मला धास्ती एकाच गोष्टीची होती. कान हळूहळू जात असतील आणि हा बाबा अभिमानापायी दाखवत नसेल, तर जे वाचवता येण्यासारखं आहे तेही जायचं. आणि ते गेलं की आमच्यातलं बोलणंच गेलं. भाऊ राहील, पण ज्याच्याशी मी बोलत आले तो नाही राहणार. हे मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, तुला ठोस काहीतरी मिळाल्याशिवाय तो ऐकायचा नाही.

अशात त्या बँडचा नवीन अल्बम आला. किती वर्षांनी, ते विचारू नका. आम्ही आशा सोडली होती. स्टाफरूममध्ये फोनवर बातमी वाचली आणि माझ्या हातातला चहा निवून गेला. खाली लोकांनी लिहिलं होतं, अगदी पूर्वीसारखाच आहे, काही बदललेलं नाही.

हे वाचून मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला आला संशय. सत्तरीला टेकलेली माणसं आणि आवाज पूर्वीसारखा? आजकाल मशीन कुणाचाही आवाज काढतं. मेलेल्या माणसाला गायला लावतात. या चौघांनी पाय पसरून आराम केला असेल आणि कंपनीनं जुनी गाणी मशीनमध्ये घालून नवीन काढली असतील, कुणी सांगावं? पहिलं गाणं ड्रमनं, तिसरं संथ, पाचवं गिटारींचं, हे तर मशीनला पाठ करायला फारच सोपं.

रविवारी मेथी निवडत बसले आणि कानात लावून ऐकला. घरातल्यांना सांगून ठेवलं, कुणी हाक मारायची नाही. सगळं जिथल्या तिथं होतं. ड्रम, तिसऱ्यातलं रेंगाळणं, पाचव्यातलं भांडण. मी मेथीची जुडी हातात धरून नुसती चूक शोधत होते. मिळाली शेवटच्या गाण्यात. सगळी वाद्यं थांबली, त्याचा आवाज एकटा उरला, आणि पूर्वी जशी ओळ तो एका दमात म्हणून टाकायचा तशा ओळीच्या मध्येच त्यानं श्वास घेतला. स्पष्ट ऐकू आला. दम पुरला नव्हता म्हाताऱ्याला. मशीनला कशाला धाप लागेल? तोच होता. मला इतकं बरं वाटलं की निवडलेली मेथी मी देठांच्या ढिगात टाकली.

दादाला मेसेज केला, "आलाय. ऐक." संध्याकाळी उत्तर आलं. "ऐकला. पहिल्यासारखाच. पास."

मी ते उत्तर उलटसुलट करून वाचलं. यात काय आहे? हे तर मी न ऐकताही लिहिलं असतं. त्या बँडबद्दल कुणीही, कधीही, डोळे मिटून लिहावं असं वाक्य. शाळेत असा एखादा मुलगा असतो, मागच्या वर्षीच्या पेपरची उत्तरं घोकून येतो. बहुतेक वेळा पकडला जातो, कारण प्रश्न बदललेले असतात. पण पेपरच मागच्या वर्षीचा निघाला तर त्याला पकडणार कसं? बँडनं आपला शिरस्ता मोडला नव्हता, आणि त्याच्या आड माझा भाऊ आरामात लपून बसला होता.

अशा मुलाला पकडायचा एक उपाय असतो. पुस्तकात नसलेलं काहीतरी विचारायचं आणि काय म्हणतो ते बघायचं.

पुढच्या रविवारी मी देवळालीला गेले. एसटीच्या पाटीवर नवं नाव, अहिल्यानगर-मनमाड, कंडक्टर अजून नगर-मनमाड ओरडतो. मनमाड रस्त्याचं काम चालूच, वर उसाचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर. राहुरीवरून पुढे रिक्षा केली. दादाच्या घरापाशी उतरले तेव्हा तो ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसला होता, पायाशी कुत्रं. एक ट्रॅक्टर कर्ण्यावर ढणाढणा गाणं लावून त्याच्या मागून गेला. मीसुद्धा कानावर हात ठेवला. दादानं मान वळवली नाही.

फाटकातून हाक मारली, "दादा."

कुत्रं उठलं. कुत्रं उठलं तसं दादानं कुत्र्याकडे बघितलं, आणि ते कुठं बघतंय ते बघून मग माझ्याकडे वळला. "अगं, आलीस? आवाज तरी द्यायचास."

वहिनीनं रविवारचं मटण केलं होतं. स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीला लागून, मध्ये दार, दाराला नुसता पडदा, तोही वर खोचलेला. ती आत भाकरी थापत होती, आम्ही दोघं बाहेर ताटावर बसलो होतो. दादानं मला बरोबर समोर बसवलं, उजेडाकडे तोंड करून. तेही मी टिपलं.

"मग, कसा वाटला अल्बम?" मी विचारलं.

तो खुलला. पहिल्या गाण्यातल्या ड्रमचं बोलला, तिसऱ्यातल्या संथपणाचं बोलला, पाचव्यातल्या गिटारींचं बोलला. हातानं ताटाच्या काठावर ताल धरून दाखवला. सगळं बरोबर. "आणि शेवटी तो एकटा उरतो बघ," तो म्हणाला, "काय एका दमात म्हणतो या वयात."

एका दमात? पण हा काही पुरावा नव्हे. एखाद्याच्या लक्षात येत नाही श्वास. मी घास गिळला आणि त्याच्याकडे नीट तोंड करून म्हणाले, "पाचव्यात त्यांनी या वेळी व्हायोलिन घातलंय, ते कसं वाटलं तुला?"

तो चावायचा थांबला. "काय?"

"व्हायोलिन. पाचव्या गाण्यात."

तो जरा वेळ ताटाकडे बघत राहिला. मी वर्गात अशा वेळी श्वास रोखून धरते, तसा धरला होता. मनात म्हणत होते, म्हण, नाहीये म्हण. काय बाई बडबडतेस, म्हण. माझा संशय खोटा पाडायची एवढी इच्छा मला कधी झाली नव्हती.

"हां, व्हायोलिन," दादा म्हणाला. "आधी जरा खटकलं. पण आवडलं मला. शेवटी शेवटी गिटारींच्या वर जातं ते. छान आहे."

सापडला. मी पाणी घ्यायच्या निमित्तानं उठले, कोपऱ्यातल्या माठापाशी गेले, आणि त्याच्याकडे पाठ करून मोठ्यानं म्हणाले, "पाचव्यात व्हायोलिन नाहीच आहे दादा. मी खोटं सांगितलं."

मागून दादाचं बोलणं चालूच होतं, या मटणाला मसाला जरा पुढे गेलाय म्हणून. आत भाकरी थापायचा आवाज मात्र थांबला.

मुलाच्या मांडीखालचा कागद हातात आला की एक समाधान असतं, ते मला माहीत आहे. ते तेव्हाही आलं, खोटं कशाला बोलू. क्षणभर वाटलं, जिंकले. मग लगेच मी ग्लास तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेले.

वहिनी परातीपुढे बसली होती, पिठाचे हात मांडीवर. मी हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"आणि मला सांगितलं नाही? अहो, वेळेवर डॉक्टरला दाखवलं असतं तर..."

"दावलं की," ती म्हणाली. "नगरलाच दावलं. तुमच्या घराच्या अलीकडच्या चौकात दवाखाना हाय. मशीन बी घेतलंय, कपाटात हाय. बोलनं कळतं त्यानं थोडं थोडं. पन गानं लावलं की पत्र्याचा डबा हालवल्यावानी वाजतं म्हनले. एकदा लावलं, काढून ठेवलं, पुना हात लावला न्हाई."

माझ्या घराच्या अलीकडच्या चौकात. तिथवर येऊन ही दोघं माझ्या घरी न येता परत गेली होती. "पण माझ्यापासून का लपवलं?" मी विचारलं. "चर्चमधल्या लोकांपासून लपवा, शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवा. मी बहीण आहे त्याची."

"बाकी कुनाला कळलं तर कळू दे म्हनले. तुमालाच कळू द्यायचं न्हवतं." वहिनीनं पदरानं डोळे पुसायला हात उचलला आणि पीठ दिसलं म्हणून खाली घेतला. "म्हनले, तिला कळलं की ती माझ्याशी गान्याचं बोलायची बंद व्हईल. मंग आमच्यात बोलायला ऱ्हातंय काय?"

खरंच होतं ते. बंद झाले असते मी. दयेपोटी झाले असते. बहिऱ्या माणसापुढे गाण्याचं कशाला काढा, म्हणून मी त्याला ऊस कसा आहे नि शेजारी कसे आहेत ते विचारलं असतं, आणि मोठं शहाणपण केलं असं समजून घरी गेले असते. त्यानं मला बरोबर ओळखलं होतं.

तेवढ्यात वहिनीची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे गेली. दादा दारात उभा होता, उष्टा हात तसाच. मिल हाऊसला जन्म काढलेल्या माणसाच्या घरात आम्ही दोघी हळू आवाजात बोलत होतो. वहिनीचं तोंड दाराकडेच होतं. तिचं शेवटचं बोलणं त्यानं बघितलं होतं.

"मशीनचं सांगितलं का हिनं?" त्यानं मला विचारलं.

मी मान हलवली.

"बरं." तो आत आला. "आत येताना तू काय तरी बोललीस, व्हायोलिनचंच असणार. माठापाशी. मला पाठ दिसत होती, पण मान हलली तुझी." आणि मग विचारलं, "नाहीये का ते?"

"नाहीये," मी त्याच्याकडे तोंड करून म्हणाले.

"मग सांगितलंस कशाला?"

मी भांडायला लागले. मला दुसरं काही येत नाही. "तू न ऐकता आवडलं कशाला म्हणालास? पास म्हणून मेसेज कशाला केलास? एक अक्षर ऐकलेलं नाहीस तू त्यातलं."

"ऐकला मी तो," दादा शांतपणे म्हणाला. आवाज जरा मोठा होता, त्याचा आता तसाच लागतो. "गाण्यांची नावं वाचली. कुठलं गाणं किती लांबीचं ते बघितलं. मग दुपारभर डोळे मिटून बसलो. अगं, त्यांचं मला काय माहीत नाही? पहिला ड्रम कसा पडेल, तो तिसऱ्यात कुठं रेंगाळेल, धाकटी गिटार कुठं चढेल. एकेक गाणं डोक्यात बसवलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मध्ये बोललो नाही कुणाशी. विचार हिला."

वहिनीनं मान हलवली.

"मग तू म्हणालीस, व्हायोलिन आहे," तो म्हणाला. "म्हटलं, असेल. तिनं ऐकलंय. जेवता जेवता तेही बसवलं त्यात. सोपं नव्हतं."

मला रडू फुटलं. मी त्याला म्हणत होते की दादा, चुकलं माझं, मला तुला डॉक्टरकडे न्यायचं होतं, मला भीती वाटत होती. पण रडताना ओठ धड हलत नाहीत, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला काही उमगत नव्हतं. पुन्हा पुन्हा म्हणाले. तो कपाळाला आठ्या घालून आणखी जवळ आला.

"तोंड पूस आधी," तो म्हणाला. "काही कळत नाहीये मला."

वहिनीनं मला पाणी दिलं. दादानं हात धुतले, मला टेबलापाशी बसवलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, खिडकीच्या उजेडात माझा चेहरा नीट येईल असा. वहिनीनं तवा खाली उतरवला आणि तीही बसली. तिला त्या बँडचं कधीच काही नव्हतं.

"आता खरं सांग," दादा म्हणाला. "पहिल्यापासून. सावकाश."

मी सांगायला लागले. ड्रम कसा पडतो ते टेबलावर बोटांनी दाखवलं, तो माझी बोटं बघत होता. दुसऱ्यात गायक घोगरा लागतो ते सांगितलं. कुठं कुठं तो "हां" म्हणायचा, म्हणजे त्याचं जुळत होतं. कुठं म्हणायचा, "थांब, परत," आणि डोळे मिटून आपल्या डोक्यातलं बदलून घ्यायचा, मग उघडायचा. तिसरं गाणं झालं, चौथं झालं. अशा सावकाशीनं कुठलंच गाणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"पाचवं," मी म्हणाले. "गायक गप्प. दोन गिटारी."

"नुसत्या गिटारी?"

"नुसत्या गिटारी."

"व्हायोलिन अजिबात नाही?"

"नाही रे दादा."

त्यानं डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "ते असलं काही करायचे नाहीत. पण तू म्हणालीस."